अम्मींच्या खोलीचा रंग

शाबानचा चंद्र दिसला की आमच्या कोकणातल्या घरांत एक विषय निघतोच: यंदा रंग काढायचा की नुसती झाडलोट करून भागवायचे? रमजानच्या आधी घर लख्ख व्हावे, ईदला माणसे आली की भिंतींकडे बघून आपल्याला ओशाळे वाटू नये, एवढीच त्यामागची इच्छा. पूर्वी हे काम सोपे होते. कळीचा चुना पिंपात भिजवायचा, चिमूटभर नीळ टाकायची, थोडा डिंक घालायचा आणि कुंचे घेऊन सगळ्यांनी भिडायचे. अख्ख्या घराचा रंग एकच. निवडायला काही नसल्यामुळे भांडायलाही काही नसे.

यंदा मात्र आमच्या घरात दोन रंगांवरून पंधरा दिवस वाद चालला. गंमत म्हणजे ते दोन्ही रंग पांढरेच होते. निदान दुकानात तरी पांढरे दिसत होते. त्या वादात आम्हाला रंगांबद्दल बरेच काही कळले, आणि आमच्याच घरातली एक गोष्टही कळली, जी कित्येक महिने डोळ्यांसमोर असून आम्हाला दिसली नव्हती. म्हणून हे लिहायला घेतले.

सुरुवात अम्मींपासून झाली. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई. वय पंचाहत्तरच्या घरात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. 'पाऊस संपू दे', 'आंब्याचा मोसम जाऊ दे', 'मुलांच्या परीक्षा होऊ देत' असे म्हणत त्यांनी तीन वर्षे काढली. अखेर या थंडीत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डाव्याची ईदनंतर करायचे ठरले. पट्टी निघाल्यावर अम्मी घरी आल्या, पलंगावर बसल्या आणि आधी आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काय गो, एवढी कधी थकलीस तू?" मग नजर वर गेली. "आणि ही भिंत? ही कधीपासून अशी आहे?"

भिंत खरोखरच वाईट झाली होती. नऊ वर्षांपूर्वी लावलेला फिकट निळा डिस्टेंपर, त्याचे जागोजाग निघालेले पोपडे, खिडकीखाली ओलीचे डाग, आणि पलंगापासून दारापर्यंत गेलेला एक काळपट पट्टा. तो पट्टा आमच्या धाकट्याची करणी आहे असे आम्ही धरून चाललो होतो. पहिलीतला मुलगा, मातीत खेळून आला की हात भिंतीलाच पुसणार. त्यावरून त्याने कितीदा तरी बोलणी खाल्ली, एकदा तर दोन दिवस त्याचे क्रिकेट बंद झाले. अम्मी दर वेळी मध्ये पडायच्या. "जाऊ दे गो, भिंतच आहे. ओरडू नका त्याला."

रंग काढायचा हे ठरले. सगळे घर एकाच वेळी परवडणार नव्हते, म्हणून अम्मींची खोली आणि बाहेरचा हॉल एवढेच घ्यायचे. आम्ही, मुलांचे अब्बा आणि नववीतली मुलगी असे तिघे दुकानात गेलो. दुकानदाराने पुस्तकाएवढे शेड कार्ड समोर ठेवले. लाल, हिरवे, जांभळे अशी पाने भराभर उलटली. शेवटी सगळेच जिथे येऊन थांबतात तिथे, म्हणजे पांढऱ्याच्या आसपासच्या पानावर, आम्हीही थांबलो. एका पानावर पन्नासेक पांढरे! प्रत्येकाला एक झोकदार इंग्रजी नाव. त्यातले दोन आम्ही निवडले. ती नावे घरी येईपर्यंत विसरलो, म्हणून आपली नावे दिली. एकात राखेची झाक होती, तो 'राख'. दुसऱ्यात दुधावरच्या सायीची, ती 'साय'.

घरात लगेच दोन तट पडले. आम्ही मायलेकी राखेच्या बाजूने. मुंब्र्याला नातेवाइकांच्या नव्या फ्लॅटमध्ये तसाच रंग पाहिला होता, फार शांत आणि नेटका दिसत होता. मुलांचे अब्बा सायीच्या बाजूने. त्यांचे म्हणणे, राखाडी रंग शहरातल्या फ्लॅटला शोभतो, आपल्या चिऱ्याच्या घराला ऊबच हवी. धाकट्याने अब्बांची बाजू घेतली, कारण आमची घ्यायला त्याला काही कारण नव्हते. अम्मींचे मत कोणी विचारले नाही. खोली त्यांची होती, पण आम्हा चौघांपैकी एकाच्याही मनात ते आले नाही. आता लिहिताना लाज वाटते.

या दोन रंगांत मुळात फरक किती असतो? आम्ही दुकानदाराला विचारले, तेव्हा त्याने मशिनमधून निघालेली चिठ्ठी दाखवली. दोन्हींचा पाया एकच, पांढरा. त्या पांढरेपणाचे मुख्य कारण टायटॅनियम डायऑक्साइड नावाचे पांढरे द्रव्य. त्यात मशिन थेंबाथेंबाने रंग सोडते. सायीत यलो ऑक्साइड आणि किंचित रेड ऑक्साइड. हे लोहाचे ऑक्साइड, म्हणजे आपल्या पिवळ्या मातीचे आणि गेरूचे भाऊबंदच. राखेत काळा आणि अगदी थोडा निळा. डब्याच्या मानाने हे थेंब म्हणजे पातेलीभर दुधात केशराच्या दोन काड्या. पण केशराच्या दोन काड्याही दुधाचा रंग बदलतातच.

आणखी एक आकडा त्याने सांगितला. कोणताही रंग आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी किती परत फेकतो, ते शून्य ते शंभर या मापात मोजतात. निखळ काळा शून्याकडे, निखळ पांढरा शंभराकडे. त्याला लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू म्हणतात, आणि पुष्कळ कंपन्या तो आकडा आपल्या माहितीपत्रकात देतात. अंधाऱ्या खोलीसाठी हा आकडा बघणे फार उपयोगाचे, कारण सत्तरच्या वरचा रंग असेल तर त्याच एका खिडकीत आणि त्याच एका ट्यूबमध्ये खोली उजळ वाटते. आमच्या दोन्ही रंगांचा आकडा सत्तरच्या पुढे होता आणि दोघांत जेमतेम दोनचा फरक. म्हणजे उजेडाच्या हिशेबात दोन्ही सारखे. मग भांडण उरले ते फक्त झाकेचे.

झाक ओळखण्यात आम्ही दोन चुका केल्या. पहिली चूक दुकानातच झाली. तिथे डोक्यावर पांढऱ्याशुभ्र ट्यूब होत्या. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये एक आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ऊबदार उजेड. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. दुकानातल्या तसल्या निळसर उजेडात साय आपला पिवळेपणा लपवून बसली होती आणि राख शुभ्र दिसत होती. दुसरी चूक घरी. शेड कार्डाचा बोटभर तुकडा आम्ही जुन्या निळ्या भिंतीवर चिकटवला आणि लांबून बघितला. साय फारच पिवळी दिसली, आणि राख मात्र छान, किंचित ऊबदार. आम्ही मायलेकींनी विजय जाहीर केला.

तो विजय खोटा होता, हे रंगारी चाचांनी सांगितले. चाचांनी चाळीस वर्षे या गावातली घरे रंगवली आहेत. म्हणाले, "टीचर, निळ्याच्या शेजारी काहीही ठेवलं तरी ते पिवळ्याकडे झुकतं. तुम्ही राख बघताच नाही, निळ्याशेजारची राख बघताय." चाचा शाळेत फारसे गेलेले नाहीत, पण जे सांगत होते ते विज्ञानाचेच होते. मिशेल युजीन शेव्हरल हे फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासले, तर काळ्या रंगात खोट नव्हती. दोष शेजारच्या धाग्यांच्या रंगांचा होता. शेजारी काय आहे त्यावर डोळा रंग ठरवतो, हे त्यांनी १८३९ मध्ये पुस्तक लिहून मांडले. चाचांना हे सांगितले, तर म्हणाले, "बरोबर. शेजारी चांगला लागतो, टीचर."

मग चाचांनी त्यांची रीत सांगितली. दोन्ही रंगांचे लहानात लहान डबे आणायचे. भिंतीवर काही लावायचे नाही. दोन मोठी कार्डशीट घ्यायची, कडेने चार बोटे पांढरी जागा सोडायची, म्हणजे शेजारच्या भिंतीचा रंग मध्ये लुडबुड करत नाही. आत रंगाचे दोन हात द्यायचे, एक नव्हे. पूर्ण वाळेपर्यंत मत द्यायचे नाही. चुना ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की पांढरा होतो. हल्लीच्या इमल्शनचे बहुधा उलटे, वाळल्यावर ते थोडे गडद होते. मग ती शीट खोलीत वेगवेगळ्या जागी उभी करून बघायची, खिडकीशेजारी, खिडकीसमोर आणि कोपऱ्यात. कोपऱ्यात रंग नेहमी जास्त भरतो, कारण दोन भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात.

हे सांगता सांगता चाचा भिंत तपासत होते. कुठे पुट्टी लागेल, कुठे ओल आहे, असे बोटाने ठोकत चालले होते. त्या काळपट पट्ट्यापाशी ते थांबले. आम्ही म्हटले, "ते आमच्या धाकट्याचं काम."

चाचा काही बोलले नाहीत. पलंगापासून दारापर्यंत पट्ट्याबरोबर चालत गेले. दाराची चौकट ओलांडून बाहेर बघितले. पट्टा बाहेरच्या बोळातही होता, थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत. मग परत आले. "पोराचा हात कुठेही लागतो, टीचर. वर लागतो, खाली लागतो, बोटं दिसतात. हा हात एकाच वाटेनं गेलाय. रोज." जरा थांबून हळू आवाजात म्हणाले, "खालांना दिसत नव्हतं का?"

आम्ही तो पट्टा नव्याने बघितला. पलंगाच्या उशापासून सुरू होत होता. दिव्याच्या बटणापाशी जास्त काळा होता, तिथे हात चाचपडला होता. दाराच्या चौकटीशी तर तेलकट ठसाच होता. चौकट पांढरी, भिंत फिकी निळी, बटणाचा बोर्ड पांढरा. मोतीबिंदूच्या डोळ्याला हे सगळे एकाच धुक्यात गेलेले असणार. रात्री-अपरात्री, फजरच्या वुजूसाठी, अम्मी भिंतीच्या आधाराने चाचपडत जात होत्या. आणि सकाळी आम्ही धाकट्याला ओरडत होतो.

रात्री मुलांच्या अब्बांनी आईजवळ बसून विचारले. अम्मी हसल्या. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही मला पलंगावरून उठू दिलं नसतं." मग म्हणाल्या, "तो डाग मलाही परवाच दिसला. माझाच हात. बिचारं पोर."

धाकट्याची आम्ही रीतसर माफी मागितली. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग माझं दोन दिवसांचं क्रिकेट?" ते त्याला व्याजासह परत मिळाले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही शीट अम्मींच्या खोलीत उभी केली आणि पहिल्यांदा त्यांना विचारले, "अम्मी, तुम्हाला कोणता हवा?" त्या म्हणाल्या, "एका नजरेत कसं सांगू? दिवसभर बघते." त्यांचा दिवस पाच वेळांनी बांधलेला. त्यामुळे आमच्या दोन रंगांची परीक्षाही पाच वेळा झाली.

फजरला बाहेर अंधार, आत ट्यूब. त्या उजेडात राख निळसर झाली. अम्मी म्हणाल्या, "इस्पितळ." साय त्याच ट्यूबखाली साधी पांढरी दिसत होती. जुहरला खिडकीतून भरपूर उजेड होता. तेव्हा राख खरोखरच सुंदर दिसली, साय तिच्यापुढे जुनाट वाटली. आम्ही मायलेकींनी लगेच ते अम्मींच्या लक्षात आणून दिले. असरला मात्र राखेचा घात झाला. अम्मींची खोली उत्तरेला. वर्षातले बहुतेक महिने तिथे थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेडच येतो. त्यात खिडकीबाहेर हापूसचे झाड आणि जास्वंदी. ऊन कलले की जो उजेड आत येतो तो पानांतून गाळून आलेला, हिरवट. राख तो हिरवा सगळा प्याली. शेवाळ धरू लागलेल्या भिंतीसारखी दिसू लागली. सायीतल्या पिवळ्या-तांबड्याने तो हिरवा झेलून घेतला. मगरिबनंतर आणि इशाला पुन्हा ट्यूब, पुन्हा इस्पितळ.

मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये हाच रंग शांत का दिसत होता, ते आता कळले. तिथे खिडकी पश्चिमेला होती, उजेड सोनेरी होता आणि बाहेर झाड नव्हते. रंग तोच, पण त्याच्यावर पडणारा उजेड दुसऱ्या गावचा.

इतके झाल्यावर अम्मींनी स्वतःच एक प्रयोग केला. पलंगावर बसून त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, दोन्ही शीट बघितली. मग उजवा झाकला, पुन्हा बघितली. असे चार-पाच वेळा. शेवटी म्हणाल्या, "नवीन डोळ्याला दोन रंग दिसतात. जुन्याला एकच दिसतो. चहाचा."

डोळ्याच्या डॉक्टरांकडे पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा हे सांगितले. त्यांना नवल वाटले नाही. वयाबरोबर डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळे, मग तपकिरी होत जाते. ते निळा उजेड अडवते. हे इतके हळूहळू होते की माणसाला आपले जग पिवळे झाल्याचे कळतही नाही. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले की अडलेला निळा एकदम आत येतो, आणि काही काळ पांढऱ्या वस्तूही निळसर वाटतात. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर माणूस डोळे आळीपाळीने झाकून दोन्ही जगे बघू शकतो. क्लोद मोने या जगप्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराचे असेच झाले होते. १९२३ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, डाव्या डोळ्याची त्यांनी करून घेतली नाही. रंग ओळखण्यात हयात घातलेल्या त्या माणसाला नंतर रंगांचा मेळ लागेना, म्हणून रंगीत भिंगांचे चष्मे वापरून बघावे लागले.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन्ही भाषांतली रंगांची जुनी नावे हातात धरता येतील अशा वस्तूंवरून आली आहेत: बदामी, प्याजी, सुरमई, अंजिरी, आमसुली, डाळिंबी. पांढऱ्याजवळच्या रंगाला आपण मोतिया म्हणतो. आणि उर्दूत मोतिया म्हणजे डोळ्यातला मोतीबिंदूही. हा शब्द आम्ही इतकी वर्षे मुलांना शिकवला, पण घरात एक मोतिया भिंतीसाठी निवडताना दुसरा मोतिया अम्मींच्या डोळ्यात काय करतो आहे, हे विचारायला विसरलो.

अम्मींनी साय निवडली. मुलांच्या अब्बांनी विजयाचा आव आणला नाही, कारण तोपर्यंत वाद रंगाचा राहिलाच नव्हता. आता आम्हाला दुसराच प्रश्न पडला होता. भिंत कोणत्याही पांढऱ्याची केली आणि चौकट, बटण, दार हेही पांढरेच ठेवले, तर अम्मींचा हात पुन्हा भिंतच शोधेल. मंद नजरेला रंगाच्या नावापेक्षा दोन रंगांतला फरक जास्त उपयोगी पडतो. म्हणून भिंती सायीच्या, पण दाराची चौकट गडद तपकिरी केली. न्हाणीघराची चौकटही तशीच. बटणाच्या बोर्डाभोवती दोन बोटे रुंद तपकिरी पट्टी ओढली. भिंत चकचकीत न करता मंद झिलईची घेतली, कारण चकचकीत भिंतीवर दिव्याचे प्रतिबिंब पडते आणि ते म्हाताऱ्या डोळ्यांना टोचते. अगदी बिनझिलईचाही घेतला नाही, तो पुसता येत नाही. बोळात हाताशी येईल अशा उंचीवर लाकडी कठडा बसवला. अम्मी त्यावर नाराज झाल्या. "मी काय म्हातारी आहे?" म्हणाल्या. पण धाकटा त्याला धरून घसरगुंडी खेळू लागला, तेव्हा कठडा त्याच्यासाठीच आहे असे त्यांनी मान्य केले. खोलीतली निळसर ट्यूब काढून पिवळसर पांढऱ्या उजेडाची लावली आणि पलंगाजवळ रात्रभर जळणारा लहान दिवा.

हिशेब मुलीने केला. खोली १० बाय १२, उंची १०, म्हणजे चार भिंती ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता ४००. दोन हातांना लिटरमागे साधारण १२० चौरस फूट धरले, तर साडेतीन लिटरही लागत नाही. ४ लिटरचा डबा पुरला आणि पुढे डाग झाकायला थोडा उरलाही. भिंत घासण्याचे काम चालू होते तेवढे दिवस अम्मींना नणंदेकडे पाठवले, कारण शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नव्हती. तो काळा पट्टा घासून काढायचा दिवस आला, तेव्हा चाचांनी पॉलिशपेपर आमच्या हातात दिला. म्हणाले, "एवढं तुम्ही करा." आम्ही दोघांनी मिळून ते केले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत. वाटले होते त्याहून ती वाट लांब होती.

राखही वाया गेली नाही. हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, दुपारनंतर तिथे ऊन नुसते ओतते. साय तिथे लोण्यासारखी पिवळी झाली असती. राख लावली आणि ऊन निवल्यासारखे वाटले. ईदला आलेल्यांनी हॉलचे कौतुक केले. आम्ही मायलेकींनी ते न बोलता स्वीकारले.

घरी रंग काढायचे ठरवणाऱ्या भगिनींना एवढेच सांगावेसे वाटते. दोन पांढऱ्यांतला एक निवडताना दुकानात ठरवू नका. मोठ्या कागदावर लावून त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, सकाळपासून रात्रीपर्यंत बघा. खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि बाहेर झाड आहे की भिंत आहे, तेही बघा. आणि त्या खोलीत जास्त वेळ कोण बसते, त्याला आधी विचारा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत भिंतीवर एका रेषेत मळ दिसला, तर तो पुसण्याआधी हात कोणाचा आहे ते बघा.

ईदनंतर अम्मींच्या डाव्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या संध्याकाळी त्या पलंगावर बसल्या, एक डोळा झाकला, मग दुसरा. मग दोन्ही उघडे ठेवून भिंतीकडे बराच वेळ बघितले.

"ही तर पांढरीच आहे की," म्हणाल्या. "मला साय म्हणून सांगितलीत."

आम्ही म्हटले, "अम्मी, राखच लावायला हवी होती का मग?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाट दिसते तेवढं पुरे."

आता पाऊस लागला आहे. खिडकीबाहेर सगळे हिरवे झाले आहे. शाळेतून आलो की आम्ही अम्मींच्या खोलीत डोकावतो आणि नकळत आधी दाराजवळच्या भिंतीकडे बघतो. परवा तिथे पाच बोटे उमटलेली दिसली, मातीची, दीड हात उंचीवर. आम्ही धाकट्याला हाक मारली. या वेळी त्याने आधीच कबूल केले.